एरर मेसेज लिहिणारी माणसं

रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा अँड्रॉइड आणि लिनक्सपर्यंत पोहोचलीय. तिचा कंपायलर दर सहा आठवड्यांनी नवा येतो. तो चालू ठेवणं म्हणजे नेमकं काय, ते करतं कोण, आणि आपल्याकडच्या कॉलेजातल्या पोरांना त्यात शिरकाव आहे का?

टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनसमोर बसून ज्यानं प्रॅक्टिकल्स केलीत, त्याला कंपायलर कसा असतो हे वेगळं सांगायला नको. व्हायवा घ्यायला आलेल्या एक्स्टर्नलसारखा! चूक कुठं झाली ते धड सांगणार नाही, मार्क मात्र कापणार. सेमीकोलन चौदाव्या ओळीत राहिलेला असतो आणि हा बोट ठेवतो पंधराव्या ओळीवर.

आता रस्टचा कंपायलर बघा. समजा तुम्ही प्रोग्रॅममध्ये एक नाव साठवलं, ते एका फंक्शनला देऊन टाकलं आणि दोन ओळींनंतर पुन्हा तेच वापरायला गेलात. रस्टमध्ये हे चालत नाही. स्वतःचं जर्नल मित्राला कायमचं देऊन टाकलं तर सबमिशनच्या दिवशी तुमच्या हातात काय उरणार? तसंच हे. पण कंपायलर नुसतं 'नाही' म्हणून थांबत नाही. ही वस्तू अमुक ओळीत तयार झाली, तमुक ओळीत दुसऱ्याच्या हवाली केलीत आणि इथं तुम्ही ती परत मागताय, असं प्रत्येक ठिकाणी खाली खुणा करून दाखवतो. वर सुचवतो की थोडा जास्त खर्च चालणार असेल तर आधीच एक कॉपी काढून ठेवा. या एररला नंबरही आहे, ई०३८२. तो नंबर देऊन कंपायलरला विचारलं तर उदाहरणासकट पानभर खुलासा मिळतो.

ही वाक्यं आभाळातून पडलेली नाहीत. कुणीतरी बसून ती लिहिली, दुसऱ्या कुणीतरी 'हा शब्द नवशिक्याला कळणार नाही' म्हणून परत पाठवली, ती पुन्हा लिहिली गेली. २०१६ मध्ये रस्टच्या टीमनं एररचं सगळं रूपडंच बदललं. प्रेरणा होती एल्म नावाच्या एका छोट्या भाषेची. तेव्हापासून समजायला अवघड असलेला एरर मेसेज हासुद्धा बग मानला जातो आणि त्याची रीतसर तक्रार नोंदवता येते. एस्टेबान क्यूबरसारखा माणूस तर वर्षानुवर्षं मुख्यतः हेच काम करतोय. कंपायलर म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं येतात ते सिलॅबसमधले पार्सर, सिंटॅक्स ट्री आणि डाटा फ्लो. प्रत्यक्षात तिथली रोजची मेहनत बरीचशी अशी असते.

लिफ्ट बंद पडली म्हणून

रस्टच्या जन्माची गोष्ट एव्हाना प्रसिद्ध झालीय. २००६ साल. मोझिलात काम करणारा ग्रेडन होअर व्हँकुव्हरमधल्या आपल्या बिल्डिंगमध्ये आला, तर लिफ्ट बंद. तिचं सॉफ्टवेअर क्रॅश झालं होतं, आणि तेही पहिल्यांदा नाही. घर एकविसाव्या मजल्यावर. जिने चढताना त्याला वैताग आला तो याचा, की आपण कॉम्प्युटरवाले साधी लिफ्टसुद्धा न कोसळता चालवू शकत नाही. (आपल्याकडं लिफ्ट बंद पडली की सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन जातो. त्यानं घरी जाऊन नवी भाषा लिहायला घेतली.)

वैताग खरा होता. अशी छोटी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर बहुधा सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं असतं आणि तिथं मेमरी सांभाळायची जबाबदारी प्रोग्रॅमरची. परत केलेली जागा चुकून पुन्हा वापरली, दिलेल्या जागेच्या बाहेर लिहिलं, की एक तर प्रोग्रॅम कोसळतो नाही तर हॅकरला दार उघडं मिळतं. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं होतं, की त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या सुमारे ७० टक्के सुरक्षा-त्रुटी या एकाच जातीच्या असतात. रस्ट ही चूक प्रोग्रॅम चालायच्या आधी, कंपाइल होतानाच पकडतं. अँड्रॉइडमध्ये नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहायला लागल्यावर तिथल्या एकूण त्रुटींमधलं या जातीचं प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आल्याचं गूगलनं जाहीर केलं. लिनक्सच्या गाभ्यातही डिसेंबर २०२२ मध्ये, ६.१ या आवृत्तीपासून, रस्टला जागा मिळाली. म्हणजे या कंपायलरमधली गडबड आता फक्त हौशी प्रोग्रॅमरचं डोकं दुखवत नाही.

विरजण

या कंपायलरची एक गंमत म्हणजे तो स्वतःच रस्टमध्ये लिहिलेला आहे. मग त्याला कोण कंपाइल करतं? आदल्या आवृत्तीचा कंपायलर. त्याला कुणी केलं? त्याच्या आदल्यानं. घरातल्या दह्यासारखं. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला, आजचं उद्याच्या. अगदी पहिलं विरजण मात्र बाहेरून आणावं लागलं. सुरुवातीचा कंपायलर होअरनं ओकॅमल या भाषेत लिहिला होता. २०११ मध्ये रस्टमधल्या कंपायलरनं स्वतःला कंपाइल करून दाखवलं आणि बाहेरच्या विरजणाची गरज संपली.

पण विरजणातच काही मिसळलेलं असेल तर? युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसन यांचं यावर एक गाजलेलं भाषण आहे. ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना दिलेलं ते भाषण १९८४ मध्ये छापून आलं. कंपायलरमध्ये एकदा चोरदार घुसवलं की पुढं ते सोर्स कोडमधून पुसून टाकलं तरी पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहू शकतं, हे त्यांनी दाखवलं. कोड वाचून काहीच सापडणार नाही, कारण खोट कोडमध्ये नाही, विरजणात आहे. म्हणूनच कुणी एकानं सी प्लस प्लसमध्ये रस्टचा एक स्वतंत्र कंपायलर लिहिला, एम-रस्टसी नावाचा. त्यातून सगळी साखळी पुन्हा नव्यानं लावून पडताळता येते. रोजच्या वापराला त्याचा शून्य उपयोग. तरीही कुणाला तरी ते करावंसं वाटलं, ही या जगातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

शेअर रिक्षा आणि सहा आठवडे

१५ मे २०१५ ला रस्ट १.० आलं आणि त्याबरोबर एक वचनही दिलं गेलं: आज चालणारा तुमचा प्रोग्रॅम उद्याच्या कंपायलरवरही चालेल. तेव्हापासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. भाषा वाढवायची आणि जुनं काही मोडायचं नाही, असा हा पेच आहे.

त्यासाठी होअरचा एक जुना नियम अजून पाळला जातो. मुख्य कोड कायम सगळ्या टेस्ट पास करणाराच असला पाहिजे. त्यामुळं बदल आधी जोडा आणि मग तपासा, असं चालत नाही. बॉर्स नावाचा बॉट तुमचा बदल मुख्य कोडवर ठेवून पाहतो, वेगवेगळ्या मशीन्सवर हजारो टेस्ट चालवतो आणि सगळं हिरवं आलं तरच आत घेतो. याला काही तास जातात. मग रांग लागते. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे आपली शेअर रिक्षा: आठ-दहा किरकोळ, बिनधोक्याचे बदल एकत्र बसवायचे आणि एकाच फेरीत सोडायचे. त्याला रोलअप म्हणतात. त्यातला एक जरी नापास झाला तर सगळी रिक्षा परत. मग कुणी तरी बसून शोधायचं, की नेमका कुठला प्रवासी बाधला. ही बसवाबसवी करणारी माणसं असतात. त्यांचं नाव कुठल्या बातमीत येत नाही.

मोठ्या बदलाला आणखी एक अग्निपरीक्षा असते, क्रेटर. रस्टमध्ये जगभरच्या लोकांनी लिहून खुली केलेली पॅकेजेस लाखाच्या वर आहेत. क्रेटर ती उतरवून घेतो, जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कंपायलरवर चालवतो आणि काय मोडलं त्याची यादी देतो. त्याला कित्येक दिवस लागतात.

एवढं करूनही मोडतं. जुलै २०२४ मध्ये १.८० आलं आणि त्या दिवशी ठिकठिकाणच्या लोकांचे व्यवस्थित चालणारे प्रोजेक्ट अचानक कंपाइल व्हायचे थांबले. कारण ऐकाल तर हसाल. मजकुराचे तुकडे एकत्र करून एका विशिष्ट प्रकारच्या डब्यात भरायची नवी सोय लायब्ररीत आली होती, इतकंच. आधी अशा जागी एकच शक्यता होती, म्हणून प्रोग्रॅमरनं प्रकार लिहिला नाही तरी कंपायलर ओळखून घ्यायचा. 'पाटील सरांना बोलव' म्हटल्यावर डिपार्टमेंटमध्ये पाटील एकच असतील तर प्रश्न येत नाही, तसं. आता दुसरे पाटील रुजू झाले. कंपायलर म्हणाला, कुठले पाटील ते सांगा. नेमकी अशी ढिलाई 'टाइम' नावाच्या अतिशय लोकप्रिय पॅकेजमध्ये होती. त्याची दुरुस्त आवृत्ती, ०.३.३५, आधीच आलेली होती, पण असंख्य प्रोजेक्ट्सनी जुनीच धरून ठेवलेली. चूक कुणाची? नियमांच्या पुस्तकाप्रमाणं असा बदल 'मोडतोड' धरला जात नाही. ज्याचं बिल्ड रात्री अडकलं त्याला ते पुस्तक दाखवून उपयोग नाही. माझ्या मते हा निर्णय चुकलाच होता. वचन पाळलं की नाही हे वचन घेणाऱ्यानं ठरवायचं असतं.

त्यानंतर जे झालं ते मात्र रस्टच्या स्वभावाला धरून. पुढं कंपायलरमध्ये खास या एका प्रसंगासाठी मेसेज घातला गेला: हा घोटाळा १.८० मधल्या बदलामुळं झालाय, 'टाइम' पॅकेज ०.३.३५ किंवा त्यापुढचं घ्या. एका पॅकेजचं नाव घेऊन बोलणारा कंपायलर! पुस्तकी दृष्टीनं कुरूप, पण तो वाचून लोकांची कामं सुटली.

पगार कोण देतं?

हे सगळं करणाऱ्यांचं पोट कसं चालतं, हा प्रश्न आपल्या घरी पहिल्यांदा विचारला जाईल. उत्तर फारसं सुखाचं नाही. सुरुवातीची वर्षं मोझिलानं पगार दिले. होअर २०१३ मध्येच बाजूला झाला. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलानं सुमारे २५० लोकांना कमी केलं. त्यात रस्टवर काम करणारेही होते. भाषा टिकेल का अशी चर्चा सुरू झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनची क्लाउड कंपनी, गूगल, मायक्रोसॉफ्ट, हुआवे आणि मोझिला यांनी मिळून रस्ट फाउंडेशन उभं केलं. पण फाउंडेशन असणं म्हणजे प्रत्येकाला पगार असणं नव्हे. कंपायलरवर काम करणारे काही जण कंपन्यांच्या नोकरीत राहून करतात, बरेच जण आपलं ऑफिस किंवा कॉलेज सांभाळून, रात्री.

निकोलस नेदरकोट हा ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमर घ्या. 'रस्टचा कंपायलर फार हळू चालतो' ही सगळ्यांची तक्रार. यानं २०१६ पासून ते वेगवान करण्याचा ध्यास घेतला. इथं मेमरी कमी, तिथं एक फेरी कमी, कधी अर्धा टक्का तर कधी दोन टक्के. फसलेले प्रयत्नही तो प्रामाणिकपणे लिहून ठेवायचा. जगभरातल्या रस्ट प्रोग्रॅमरची रोजची काही मिनिटं या माणसानं वाचवलीत. जुलै २०२५ मध्ये त्याला जाहीरपणे लिहावं लागलं, की मी रस्ट कंपायलरचा इंजिनिअर आहे आणि नोकरी शोधतोय.

आपल्याकडून तिकडं

कंपायलर म्हणजे परदेशातल्या लोकांचं काम असं वाटत असेल तर तसं नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा खुला केलेला जीसीसी हा कंपायलर पवईत अनेक वर्षं उलगडून शिकवला गेलाय. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकारानं चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरच्या वर्कशॉप्सना विद्यार्थी, शिक्षक आणि इंजिनिअर येत. पुण्यात केपीआयटीतल्या इंजिनिअर्सनी रेनेसास या जपानी कंपनीच्या चिप्ससाठी जीसीसीवर आधारलेली टूल्स वर्षानुवर्षं सांभाळली. ही परंपरा आहे, फक्त कॅम्पस प्लेसमेंटच्या गोंगाटात ती ऐकू येत नाही.

ऐकू येतं ते वेगळंच. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. झालं! जगभरच्या प्रोजेक्ट्सवर कचरा ओतला गेला. कुणी माहितीच्या फाइलमध्ये 'अमेझिंग प्रोजेक्ट' असे दोन शब्द घालतंय, कुणी स्वल्पविराम हलवतंय. पाठवणाऱ्यांत भारतीय विद्यार्थी बरेच होते आणि एका भारतीय यूट्यूब व्हिडिओकडं बोट दाखवलं गेलं. आयोजकांना दोन-तीन दिवसांत नियम बदलावे लागले. आता टी-शर्टची जागा रेझ्युमेनं घेतलीय आणि स्वल्पविरामाची जागा एआयकडून लिहून घेतलेल्या पॅचनं. रिव्ह्यूअरनं विचारलं 'हे असं का केलंस?', की पलीकडं शांतता.

राग पोरांवर काढण्यात अर्थ नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पण गणित समजून घ्या. कोड लिहायला आता मिनिटं लागतात, तो वाचून जबाबदारी घेणाऱ्याचा एक तास मात्र एक तासच राहतो. नेदरकोटसारख्या माणसाचा तास.

मग रीतसर शिरायचं कसं? रस्टच्या तक्रारींच्या यादीत 'सोपं' आणि 'मार्गदर्शक उपलब्ध' अशी लेबलं असतात. एखादी निवडून रस्टबॉटला 'क्लेम' असं कळवलं की ती तुमच्या नावावर होते. लॅपटॉप फार भारी लागत नाही. ८ जीबी रॅम आणि ३० जीबी मोकळी डिस्क, असं त्यांचीच मार्गदर्शिका सांगते. सगळ्यात जड भाग, एलएलव्हीएम, तयार उतरवून घेता येतो. तरी पहिलं बिल्ड लावून जेवून यावं, हे उत्तम.

बहुतेकांची सुरुवात एरर मेसेजपासून होते. तुम्ही एका मेसेजमधला शब्द बदलता आणि पन्नास टेस्ट लाल होतात. कारण कंपायलर काय बोलला पाहिजे याच्या शब्दशः नोंदी फाइलींत ठेवलेल्या असतात. त्या नव्यानं लिहून घ्यायच्या कमांडचं नाव आहे 'ब्लेस'. आशीर्वाद! पण आशीर्वाद देण्याआधी पन्नासही फाइली डोळ्यांनी वाचायच्या असतात. कुठंतरी तुमच्या बदलानं भलतंच वाक्य तयार झालेलं असतं. नवखे इथंच घाई करतात. मग रिव्ह्यू, दुरुस्ती, पुन्हा रिव्ह्यू. शेवटी रिव्ह्यूअर 'आर प्लस' असं दोन अक्षरी फर्मान सोडतो आणि तुम्ही शेअर रिक्षात बसता.

आणि काही कामं अशी आहेत, जी आपल्यालाच दिसतील. २०२२ मध्ये रस्टचे एरर मेसेज वेगवेगळ्या भाषांत आणायचा घाट घातला गेला होता. कल्पना छान, पण प्रत्येक मेसेज वेगळ्या फाइलीत नेण्याचा व्याप मेसेज लिहिणाऱ्यांवरच पडला आणि काम रेंगाळलं. दुसरीकडं, जून २०२१ मधल्या १.५३ पासून रस्टमध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीतही चालतात. आता चुकीच्या शब्दाखाली खुणा करायच्या, तर तो शब्द स्क्रीनवर किती घरं अडवतो हे कंपायलरला आधी मोजावं लागतं. इंग्रजीत एक अक्षर, एक घर. आपल्याकडं काना, मात्रा, जोडाक्षरं, आणि प्रत्येक टर्मिनलची ती मांडायची तऱ्हा वेगळी.

करून बघा. व्हेरिएबलला 'क्षेत्रफळ' असं नाव द्या, पुढं मुद्दाम एक चूक करा आणि खालच्या खुणा नेमक्या कुठं पडतात ते मोजा. सरकलेल्या दिसल्या तर लगेच तक्रार ठोकू नका. दोष कंपायलरचा, टर्मिनलचा की फॉन्टचा, हे आधी शोधावं लागेल. दोन-तीन टर्मिनल्सवर तपासा, स्क्रीनशॉट ठेवा आणि आधी कुणी हेच नोंदवलंय का ते यादीत बघा.